आहारविवेक : डायलिसिसच्या रुग्णाचे ताट



गेल्या अंकात आपण चातुर्मासातील आहाराचा आणि पचनशक्तीचा विचार केला होता. त्या लेखानंतर काही भगिनींनी विचारले की, घरात मूत्रपिंडाचा रुग्ण असेल आणि त्याचे डायलिसिस चालू असेल, तर पर्युषणात त्याने काय करावे? हा प्रश्न माझ्या स्वतःच्या घरातून गेलेला आहे. म्हणून आज तो सविस्तर मांडतो. यात आमच्या घराची चूकही सांगावी लागेल. ती सांगण्यात संकोच वाटतो, परंतु एखाद्या कुटुंबाला तिचा उपयोग झाला तर संकोच बाजूला ठेवलेला बरा.

आमचे गाव शहागड. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर, गोदावरीच्या काठी वसलेले. पूल ओलांडला की जालना जिल्हा संपतो आणि बीड जिल्हा सुरू होतो. कापूस, तूर आणि मोसंबी या मालावर येथील बाजार चालतो. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे भाईजी म्हणतो, चाळीस वर्षे दुकानाच्या गादीवर बसले. मधुमेह जुना होता. तीन वर्षांपूर्वी मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले आणि दीड वर्षापूर्वी आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू झाले. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरला जावे लागे. जाणे, चार तास यंत्रावर पडून राहणे आणि परतणे, यात अख्खा दिवस जाई.

डायलिसिस सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांनी एक आहारपत्रक दिले होते. त्यात डाळ कमी, दूध कमी, पनीर वर्ज्य असे लिहिले होते. भाभीजींनी ते पत्रक स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवले आणि व्रतासारखे पाळले. डायलिसिस सुरू झाले, परंतु ते पत्रक भिंतीवरून उतरले नाही. आमची चूक ती हीच.

ही चूक समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आपण प्रथिने खातो तेव्हा त्यांच्या पचनातून युरियासारखी टाकाऊ द्रव्ये तयार होतात आणि ती बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे करतात. मूत्रपिंडे दुर्बल झाली की ही द्रव्ये रक्तात साठतात. म्हणून 1963 आणि 1964 साली इटलीतील जिओर्डानो आणि जिओव्हानेत्ती या डॉक्टरांनी अत्यल्प प्रथिनांचा आहार पुढे आणला. त्या काळी बहुतेक रुग्णांना डायलिसिस उपलब्धच नव्हते. नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी कृत्रिम मूत्रपिंडाचे यंत्र 1943 साली बनवले होते, तरी एकाच रुग्णावर वर्षानुवर्षे डायलिसिस करणे शक्य झाले ते 1960 नंतर, अमेरिकेतील सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिनीत कायम ठेवता येईल अशी नळी तयार केल्यावर. यंत्र मिळेपर्यंत आजार थोपवून धरणे, हा कमी प्रथिनांच्या आहाराचा हेतू होता. आजही डायलिसिसपूर्वीच्या अवस्थेत डॉक्टर प्रथिने मर्यादित ठेवण्यास सांगतात, आणि ते योग्यच आहे.

मात्र डायलिसिस सुरू होताच हिशेब उलटतो. टाकाऊ द्रव्ये काढण्याचे काम आता यंत्र करते. परंतु यंत्राला विवेक नाही. रक्तातील युरिया काढताना ते शरीराला हवी असलेली अमिनो आम्लेही घेऊन जाते. ही अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांचे घटक. एका डायलिसिसमध्ये साधारण 6 ते 8 ग्रॅम, काही वेळा त्याहूनही अधिक, अमिनो आम्ले निघून जातात. शिवाय या प्रक्रियेने स्नायूंची झीजही वाढते. पोटातून केल्या जाणाऱ्या डायलिसिसमध्ये तर रोजच 5 ते 15 ग्रॅम प्रथिने पाण्याबरोबर जातात. म्हणून डायलिसिसवरील स्थिर प्रकृतीच्या रुग्णाला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दररोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने आणि 25 ते 35 कॅलरी ऊर्जा मिळावी, असे 2020 सालची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर खर्च वाढला आणि आम्ही जमा मात्र जुन्याच वहीप्रमाणे कमी ठेवली. अशा पेढीचे जे होते तेच भाईजींच्या देहाचे झाले.

ते आमच्या लक्षात का आले नाही, हे सांगणे अधिक महत्त्वाचे आहे. पहिले कारण वजनाचा काटा. भाईजींचे वजन 58 किलो होते आणि सहा महिन्यांनीही काटा 58 च दाखवत होता. आम्ही निश्चिंत होतो. वस्तुतः मांस झिजत होते आणि त्या जागी पाणी साठत होते. डायलिसिसच्या शेवटी अंगात जादा पाणी नसताना जे वजन असावे, त्याला डॉक्टर ‘ड्राय वेट’ म्हणतात. रुग्णाचे मांस कमी झाले की हे ठरवलेले वजनही कमी करावे लागते. ते झाले नाही तर जादा पाणी अंगात राहते, पाय सुजतात, रात्री आडवे होताच दम लागतो. भाईजींची अंगठी बोटातून निसटू लागली होती, सदऱ्याची गळपट्टी सैल झाली होती, गालांची हाडे वर आली होती. हे आम्ही पाहत होतो, पण काट्यावर विश्वास ठेवत होतो.

दुसरे कारण रक्ताचा अहवाल. डायलिसिसपूर्वीचे क्रिएटिनिन 9 वरून 6 वर आले, तेव्हा घरात आनंद झाला. आमच्या पुतण्याने तर दुकानात पेढे वाटले. पुढे डॉक्टरांनी समजावले की, क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होते. डायलिसिसवरील रुग्णाचा डायलिसिसचा डोस तोच असताना क्रिएटिनिन हळूहळू उतरू लागले, तर मूत्रपिंड सुधारले असे मानू नये. बहुधा स्नायूच कमी झालेले असतात. ज्या आकड्यावर आम्ही पेढे वाटले, तो आकडा धोक्याची घंटा होता.

तिसरे कारण आपल्या समाजातील एक सद्गुण. आपल्याकडे कमी खाणाऱ्याचे कौतुक होते. ऊनोदरी हे बाह्य तपाच्या सहा प्रकारांपैकी एक आहे, आणि निरोगी माणसासाठी ते उत्तम आहे. भाईजी दोन घास कमी खात, तेव्हा आम्हाला त्यात वैराग्य दिसले. भूक मंदावणे हेच आजाराचे लक्षण आहे, हे आम्हाला उमगले नाही.

आणि चौथे कारण घड्याळ. त्यांची डायलिसिसची पाळी दुपारची होती. सकाळी नवकारसीनंतर थोडेसे खाऊन ते निघत. यंत्रावर रक्तदाब घसरेल या भीतीने वाटेत काही घेत नसत. परत येईपर्यंत सूर्यास्त होऊन जाई आणि त्यांचा चौविहार असल्याने संध्याकाळचे जेवण बुडे. आठवड्यातून तीन दिवस ते जवळजवळ उपाशी राहत होते. कोणी हिशेब केला नाही, कारण प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी योग्य वाटत होती. पाळी योग्य, नियम योग्य, काळजी योग्य. केवळ बेरीज चुकीची होती.

एका रात्री त्यांना श्वास लागला. रुग्णालयात दाखल केल्यावर अंगात साठलेले पाणी काढले गेले, आणि तेव्हा कळले की खरे वजन 52 किलोच उरले आहे. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन 2.9 होते. डायलिसिसवरील रुग्णात ते 3.8 च्या खाली गेले की डॉक्टर सावध होतात. या अवस्थेला ‘प्रोटीन-एनर्जी वेस्टिंग’ असे नाव 2008 साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने दिले. ती ओळखताना रक्ततपासणी, शरीराचे वजन, स्नायूंचे प्रमाण आणि प्रत्यक्ष आहार अशा चारही बाजू पाहिल्या जातात. केवळ अल्ब्युमिनवर निष्कर्ष काढत नाहीत, कारण अंगात कुठे संसर्ग वा सूज असली तरी ते उतरते.

तेथील आहारतज्ज्ञ भगिनींनी भाभीजींना एकच प्रश्न विचारला, “काल दिवसभरात यांनी काय खाल्ले, ते सकाळपासून सांगा.” चार फुलके, दुधी भोपळ्याची भाजी, दोन वेळा वरणाचे वरचे पाणी आणि अर्धा कप दूध. हिशेब झाला तो 20 ग्रॅम प्रथिनांच्या आसपास. हवी होती किमान 52, आणि झीज भरून काढायची तर 60. भाभीजी काही बोलल्या नाहीत. पदर डोळ्यांना लावून एवढेच म्हणाल्या, “मी तर पत्रकाप्रमाणेच करत होते.” दोष त्यांचा नव्हता. ते पत्रक बदलण्याची वेळ झाली आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही कोणाला विचारले नव्हते.

आता उपायाकडे येऊ. प्रथम एक शंका निरसली पाहिजे. शाकाहारी आणि त्यातही कंदमूळ न खाणाऱ्या कुटुंबात एवढी प्रथिने शक्य आहेत का? आहेत. 100 ग्रॅम कच्च्या मूगडाळीत सुमारे 24 ग्रॅम प्रथिने असतात, तेवढ्याच बेसनात 21 आणि पनीरमध्ये 18 च्या पुढे. भाईजींसाठी ठरलेला दिवसाचा हिशेब असा : 150 ग्रॅम कणकेच्या पाच पोळ्या, म्हणजे 16 ग्रॅम प्रथिने, 30-30 ग्रॅम डाळीच्या दोन वाट्या घट्ट वरण, 14 ग्रॅम, 40 ग्रॅम बेसनाची वा मुगाची धिरडी, 8 ते 9 ग्रॅम, 50 ग्रॅम पनीर, 9 ग्रॅम, एक पेला दूध, 6 ग्रॅम, वाटी-दीड वाटी दही, 6 ग्रॅम. एकूण 60 च्या घरात. ऊर्जेसाठी थोडा भात आणि तूप-तेल. ऊर्जा अपुरी पडली तर शरीर प्रथिने इंधनासारखी जाळते आणि स्नायूंपर्यंत ती पोहोचत नाहीत, म्हणून तुपाचा चमचाही येथे औषधच आहे. हा हिशेब भाईजींचा आहे. प्रत्येक रुग्णाचा त्याच्या वजनाप्रमाणे आणि रक्ताच्या अहवालाप्रमाणे वेगळा असतो, तो आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा.

दुसरी शंका पोटॅशियम आणि फॉस्फरसची. पोटॅशियम वाढल्यास हृदय अकस्मात बंद पडू शकते, म्हणून ही भीती खरी आहे. पण तिचा रोख बहुधा चुकीच्या पदार्थावर असतो. आमच्याकडे भाईजींना डाळ नाकारली जात होती आणि भेटीस येणारा प्रत्येक पाहुणा प्रेमाने मोसंबी व शहाळी आणत होता. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, तिचा आम्हाला अभिमान आहे. परंतु डायलिसिसच्या रुग्णाला मोसंबीचा रस, शहाळ्याचे पाणी, केळी, खजूर, मनुका आणि पिस्ते हे जपूनच द्यायला हवेत. त्याऐवजी सफरचंद, नासपती वा अननसाच्या दोन-चार फोडी चालतात. कमरख मात्र अजिबात देऊ नये. ते अशा रुग्णाच्या मेंदूस विषासारखे बाधते. भाजी बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी टाकून दिल्यास पोटॅशियम बरेच कमी होते. बटाटा आपल्या घरात येत नाही, ही येथे जमेचीच बाजू. फॉस्फरसविषयी सांगायचे तर धान्य-डाळींमधील फॉस्फरस शरीरात तुलनेने कमी शोषला जातो. डबाबंद पदार्थ आणि रंगीत शीतपेये यांत मिसळलेला मात्र जवळजवळ पूर्ण शोषला जातो. फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या असतील तर त्या जेवणाबरोबरच घ्याव्यात. उपाशीपोटी घेतलेली गोळी व्यर्थ जाते.

खरा संयम हवा तो मिठावर. पापड, लोणचे, शेव, खाकऱ्यावरचा मसाला यांतून मीठ जाते, मिठाने तहान लागते आणि तहानेने पाणी वाढते. सैंधव मीठ चालते असा समज आहे. तेही मीठच आहे. कमी सोडियमचे म्हणून मिळणारे मीठ तर याहून घातक, कारण त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते, तेव्हा मूग, कढी, गट्टे होतात. प्रथिनांच्या दृष्टीने हे चांगलेच. फक्त त्या दिवशी पापडाची भाजी रुग्णाच्या ताटात नको.

अन्नाने भागत नसेल तर डॉक्टर पोषक पावडर देतात. डायलिसिसपूर्वीच्या रुग्णाची पावडर कमी प्रथिनांची असते आणि डायलिसिसवरील रुग्णाची अधिक प्रथिनांची. दुकानदाराच्या सांगण्यावरून घेऊ नये. डब्यावरचा हिरवा ठिपका पाहावा आणि शंका असल्यास घटक वाचावेत. एवढे करूनही प्रकृती सुधारली नाही, तर डायलिसिस पुरेसे होते आहे का, रक्तात आम्लता वाढली आहे का, गळ्यातील नळीत वा दातांत संसर्ग आहे का, रुग्ण मनाने खचला आहे का, हे तपासावे लागते. रक्तातील आम्लता स्वतःच स्नायू झिजवते.

आम्ही पहिला बदल केला तो वेळेचा. पाळी सकाळची मागून घेतली. आता नवकारसीचा काळ झाल्यावर, डॉक्टरांच्या संमतीने, भाईजी यंत्रावरच दोन लहान धिरडी खातात. ज्यांचा रक्तदाब घसरतो त्यांना यंत्रावर खाणे मानवत नाही, त्यांनी विचारूनच करावे. डायलिसिस संपताच तेथेच डबा उघडतात आणि दुपारी घरी परतून सूर्यास्तापूर्वी नीट जेवतात. चौविहार मोडला नाही. उलट रात्री पाणी न पिण्याच्या जुन्या सवयीने पाण्याचे बंधन पाळणे त्यांना सोपे जाते.

आता पर्युषणाचा मुद्दा. गेल्या वर्षी भाईजींनी अठाईचा नव्हे, तरी संवत्सरीच्या उपवासाचा हट्ट धरला. डॉक्टरांनी सांगितले की, मूत्रपिंडे निकामी असताना दीर्घ उपवासात काहीही न खाता रक्तातील पोटॅशियम वाढू शकते, कारण ते शरीराच्या पेशींतूनच बाहेर येते. शिवाय मधुमेहाच्या औषधांवर असलेल्याची साखर एकदम उतरण्याचे भय असते. भाईजी ऐकेनात. तेव्हा आम्ही स्थानकात विराजमान साध्वीजींना विचारले. त्यांनी सोळा भावनांतील ‘शक्तितस्तप’ या भावनेची आठवण दिली. तप शक्तीनुसार असावे हे तेथेच सांगितले आहे. पच्चक्खाणात आगार कशासाठी असतात, हेही समजावले. मग म्हणाल्या, “रसत्याग हेही तपच आहे. तुम्ही लोणचे, पापड आणि नमकीन यांचा त्याग घ्या.” भाईजींनी तो जन्मभरासाठी घेतला. शेवेशिवाय ज्यांना घास उतरत नसे, त्यांच्यासाठी हे अठाईहून सोपे नव्हते.

पाच महिन्यांनी अल्ब्युमिन 3.5 झाले. खरे वजन 54 किलो झाले. हा काही चमत्कार नाही. डायलिसिस चालूच आहे आणि चालूच राहील. पण भाईजी आता सकाळी दोन तास गादीवर बसतात, तुरीचा भाव विचारतात आणि पुतण्याचा हिशेब तपासतात.

शेवटी समाजाला एक विनंती. केंद्र सरकारने 2016 साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतूनही डायलिसिस होते, आणि आपल्या समाजाचे दानही यंत्रांकडे उदारपणे वाहते. परंतु यंत्राखाली झोपलेल्या माणसाने काल काय खाल्ले, हे विचारणारे कोणी असतेच असे नाही. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, वरणाच्या वाटीवर कोरता येत नाही, म्हणून कदाचित हे दान मागे राहिले असावे. आपल्या शहरांतील भोजनशाळांनी डायलिसिसच्या रुग्णांसाठी कमी मिठाचा आणि घट्ट वरणाचा डबा, सूर्यास्तापूर्वी, केंद्रावर पोहोचवला, आणि एखाद्या ट्रस्टने महिन्यातून दोनदा येणाऱ्या आहारतज्ज्ञाचे मानधन उचलले, तर ते जीवदयेचेच काम होईल. रुग्ण कोणत्याही समाजाचा असो.

आणि ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी आजच स्वयंपाकघराच्या भिंतीवरचे पत्रक पाहावे. त्यावरची तारीख डायलिसिस सुरू होण्यापूर्वीची असेल, तर पुढच्या खेपेला ते बरोबर घेऊन जावे आणि डॉक्टरांपुढे ठेवावे. आमच्या भाभीजींनी ते जुने पत्रक काढले, पण फाडले नाही. नव्या पत्रकाच्या मागे जपून ठेवले आहे. कोणाच्या घरी डायलिसिस सुरू झाल्याचे कळले की त्या दोन्ही पत्रके घेऊन भेटीला जातात. मोसंबी मात्र नेत नाहीत.